औषध देण्याआधी पाच प्रश्न

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका घरी वर्षाच्या बाळाला ताप आला. आई कामावर गेलेली, वडील रात्रपाळी करून झोपलेले, बाळ आजीजवळ. दवाखान्यातून आणलेल्या चिठ्ठीवर तापाचे सिरप पाच मिली, दिवसातून तीन वेळा, असे लिहिले होते. सिरपची बाटली सकाळी हातातून पडून फुटली. आजीने फळीवरची, मागच्या आजारपणातली एक छोटी बाटली काढली. तिच्यावरही पॅरासिटामॉल हेच नाव होते. तिचा ड्रॉपर कधीच हरवलेला. आजीने चहाचा चमचा भरला आणि बाळाला पाजला.

संध्याकाळी दुसरा चमचा भरायची वेळ झाली तेव्हा बाळाची आत्या कॉलेजातून घरी आली. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. सवयीप्रमाणे तिने आधी बाटली हातात घेऊन वाचली. ती सिरपची बाटली नव्हती, ड्रॉप्सची होती. फुटलेल्या सिरपच्या पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध होते. या ड्रॉप्सच्या एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम. म्हणजे आजीने चमचाभर दिले तेव्हा बाळाच्या पोटात १२५ ऐवजी जवळजवळ ५०० मिलिग्रॅम औषध गेले होते. चौपट! बाळाला लगेच रुग्णालयात नेले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी लक्ष ठेवले आणि बाळ सुखरूप घरी आले. पण तो चमचा तसाच दिवसातून तीन वेळा, तीन दिवस दिला असता, तर बाळाच्या यकृतावर बेतले असते.

या गोष्टीत दोष कोणाला द्यायचा? डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. औषध खोटे नव्हते. आजीची माया तर खरीच. चुकले ते शेवटच्या टप्प्यावर, बाटलीतून तोंडात औषध जाताना. रुग्णालयात या टप्प्यावर परिचारिका उभी असते आणि हेच काम नीट करण्याचे शिक्षण तिला तीन-चार वर्षे दिले जाते. घरात तिथे आई, आजी, सून किंवा शाळेत जाणारी मुलगी उभी असते. तिला हे कोणी शिकवलेले नसते.

आम्ही या पानाचे लिखाण करणाऱ्या काही जणी परिचारिका आहोत, काही नर्सिंग शिकत आहोत. आम्हाला पहिल्या वर्षी जे शिकवतात तेच आज आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यात अवघड काही नाही. ज्याला वाचता येते आणि मोजता येते, त्याला हे जमते.

औषध पोटात गेल्यावर काय होते?

गोळी गिळली की ती पोटात आणि आतड्यात विरघळते. तिथून औषध रक्तात जाते आणि रक्ताबरोबर सगळ्या शरीरात फिरते. डोके दुखते म्हणून घेतलेली गोळी फक्त डोक्याकडे जात नाही, ती सगळीकडे जाते. म्हणूनच डोक्याच्या गोळीने पोटात जळजळ होऊ शकते.

शरीर त्याच वेळी औषध बाहेर टाकण्याच्या कामालाही लागते. यकृत बऱ्याच औषधांचे तुकडे करते. मूत्रपिंड, म्हणजे किडनी, ते लघवीवाटे बाहेर काढते. तळाला बारीक भोक असलेली बादली डोळ्यांपुढे आणा. पाणी ठरावीक रेषेवर ठेवायचे तर ठरावीक वेळाने तांब्या ओतावा लागतो. उशीर केला तर पाणी रेषेखाली जाते आणि आजार पुन्हा डोके वर काढतो. घाईने दोन तांबे ओतले तर पाणी वरून सांडते. तेच औषधाचे विषासारखे काम करणे. डॉक्टर ‘दर बारा तासांनी’ किंवा ‘दर आठ तासांनी’ लिहितात ते या हिशोबाने.

लहान बाळाची बादली लहान असते, म्हणून त्याला वजनाप्रमाणे मात्रा द्यावी लागते. म्हाताऱ्या माणसाचे मूत्रपिंड मंदावलेले असते, म्हणजे भोक बारीक झालेले असते, म्हणून तेच औषध त्यांच्या अंगात जास्त वेळ राहते. दारूने यकृत खराब झालेल्या माणसाचेही तसेच. एकाच्या अंगाला मानवलेली गोळी दुसऱ्याच्या अंगाला बाधू शकते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

आता पाच प्रश्न. नर्सिंगमध्ये यांना औषध देण्याचे पाच ‘योग्य’ म्हणतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग.

पहिला प्रश्न: हे औषध याच माणसाचे आहे का?

रुग्णालयात एका वॉर्डात एकाच नावाचे दोन रुग्ण असू शकतात. म्हणून आम्ही गोळी देण्याआधी रुग्णाला त्याचे पूर्ण नाव त्याच्या तोंडून सांगायला लावतो आणि कागदाशी ताडून बघतो. घरात नावाचा घोटाळा होत नाही, पण दुसरा घोटाळा होतो. “मला या गोळीने लगेच बरे वाटले, तूही घे,” असे म्हणून शेजारीण गोळी देते. ती प्रेमानेच देते. पण पुढच्या माणसाला कशाची ॲलर्जी आहे, ती बाई गरोदर आहे का, त्याची किडनी कशी आहे, हे त्या गोळीला ठाऊक नसते.

दोन उदाहरणे लक्षात ठेवा. पावसाळ्यात ताप आला आणि तो डेंग्यूचा निघाला, तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाचे निदान होईपर्यंत त्या घेऊ नयेत, पॅरासिटामॉलच घ्यावी. दुसरे, गुडघेदुखीसाठी रोज अशा गोळ्या खाणारी आपली म्हातारी माणसे. बीपी किंवा शुगर असेल तर रोजच्या त्या गोळ्यांनी किडनी हळूहळू निकामी होऊ शकते. डॉक्टरांना न विचारता ती सवय लावून घेऊ नये.

कधी एखाद्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, दम लागला असेल, तर त्या औषधाचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा. प्रत्येक डॉक्टरला आधी ते पान दाखवा.

दुसरा प्रश्न: हे औषध नेमके कोणते?

प्रत्येक पाकिटावर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, मोठ्या अक्षरांत. दुसरे औषधाचे मूळ नाव, बहुधा बारीक अक्षरांत. कंपनीची नावे शेकडो, मूळ नाव एकच. ओळख करून घ्यायची ती मूळ नावाची. जनऔषधी केंद्रात औषधे मूळ नावानेच मिळतात आणि बरीच स्वस्त पडतात. तिथली गोळी वेगळ्या रंगाची दिसली म्हणून ती वेगळी झाली असे नाही. मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळतात का, ते बघा.

मूळ नाव माहीत नसले की एकच औषध दोनदा पोटात जाते. तापाला पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि सर्दीला वेगळी गोळी घेतली. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेली असते. अंगदुखीच्या काही गोळ्यांतही असते. तिन्ही मिळून दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. धडधाकट मोठ्या माणसासाठीही चोवीस तासांत पॅरासिटामॉल ४००० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, म्हणजे ५०० च्या आठ गोळ्या. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्यात येत असेल, तर ही मर्यादा त्याहून बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते.

पाकिटावर मागच्या बाजूला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेण्याचे नाही. अँटिबायोटिकच्या पाकिटावर ही रेघ असते. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय दिले, तरी आपण घेऊ नये.

आणि एक कडक गोष्ट. कागदाच्या पुडीत सुट्या रंगीत गोळ्या देणारे आपल्या वस्त्यांत अजून आहेत. दोन दिवसांत अंग हलके होते, म्हणून लोकांचा विश्वासही बसतो. अशा पुडीत अनेकदा स्टिरॉइड असते. त्याने आज बरे वाटते आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, शुगर वाढते, जखमा लवकर भरत नाहीत. नाव नसलेली गोळी पोटात घालू नका. “डॉक्टर, या गोळीचे नाव लिहून द्या,” असे म्हणा. नाव लिहून देत नसेल तर तिथून उठा.

तिसरा प्रश्न: किती द्यायचे?

आजीची चूक इथेच झाली. मिलिग्रॅम म्हणजे औषधाचे वजन. मिली म्हणजे पातळ औषधाचे माप. पळीभर पातळ आमटीत डाळ थोडी असते, पळीभर घट्ट वरणात पुष्कळ. पळी तीच, डाळ वेगळी. तसेच एका कंपनीच्या सिरपच्या पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, दुसऱ्या सिरपच्या पाच मिलीत २५०, आणि ड्रॉप्सच्या एका मिलीतच १००. म्हणून ‘मागच्या वेळेइतकेच दे’ हे वाक्य औषधाच्या बाबतीत धोक्याचे आहे. बाटली बदलली की मात्रा बदलते.

लहान मुलांना पॅरासिटामॉल वजनावर देतात: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. नऊ किलोच्या बाळाला एका वेळी ९० ते १३५ मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

घरातला चहाचा चमचा माप म्हणून वापरू नका. एका घरातला चमचा तीन मिलीचा, दुसऱ्या घरातला सात मिलीचा. बाटलीबरोबर मापाचे झाकण किंवा ड्रॉपर येतो, तोच वापरा. तो हरवला तर मेडिकलमधून सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज घ्या. ती फार महाग नसते. झाकणात औषध ओतताना ते सपाट जागेवर ठेवा आणि डोळे रेषेच्या पातळीवर आणून बघा.

इन्सुलिनबद्दल तर आणखी सावध राहायला हवे. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ‘४०’चे असते, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपीची असते. पेनमधले इन्सुलिन ‘१००’चे असते, १०० च्या सिरिंजची टोपी केशरी असते. १००चे इन्सुलिन ४०च्या सिरिंजमध्ये २० च्या रेषेपर्यंत भरले तर २० नव्हे, ५० युनिट अंगात जातात. रक्तातली साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्ध पडतो. उलट ४०चे इन्सुलिन १००च्या सिरिंजमध्ये २० पर्यंत भरले तर फक्त ८ युनिट जातात आणि साखर वाढतच राहते. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दर वेळी बघा. रुग्णालयात इन्सुलिन भरल्यावर दुसरी सिस्टर येऊन आकडा तपासते. घरातही एकाने भरावे, दुसऱ्याने आकडा मोठ्याने वाचावा. चौथीतली नातसुद्धा हे काम करू शकते.

चौथा प्रश्न: केव्हा द्यायचे?

चिठ्ठीवर डॉक्टर काही अक्षरे लिहितात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. बीडी म्हणजे दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने. टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. बऱ्याच चिठ्ठ्यांवर १-०-१ असेही लिहितात. पहिला आकडा सकाळचा, मधला दुपारचा, शेवटचा रात्रीचा. कळले नाही तर मेडिकलमध्येच विचारा आणि ऐकलेले परत बोलून दाखवा: “म्हणजे सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर. बरोबर ना?” आम्हा परिचारिकांनाही डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले औषध असेच परत म्हणून दाखवायचे शिकवतात. यात कमीपणा नाही.

जेवणाआधी की नंतर, यालाही कारण असते. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या तर जठराला इजा होते. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची, नाहीतर ती पुरेशी रक्तात जात नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चहा लोह अडवतो. ती लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. एक सकाळी, एक रात्री घ्यावी. लोहाच्या गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये.

एखादी वेळ चुकली तर? आठवताच गोळी घ्या. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नका.

वेळेत आणखी एक गोष्ट येते: किती दिवस? अँटिबायोटिक दोन दिवसांत बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नये आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी राखूनही ठेवू नयेत. टीबीच्या औषधात हे सगळ्यांत महत्त्वाचे. साध्या टीबीचा उपचार निदान सहा महिन्यांचा असतो. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि माणूस गोळ्या सोडतो. मग उरलेले जंतू औषधाला न दबणारे होतात; पुढचा उपचार लांबतो आणि जड जातो. टीबीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात जमा होण्याची योजना आहे. त्यासाठी बँक खात्याची माहिती केंद्रात द्यावी लागते. आशाताईंची मदत घ्या. या औषधांनी लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. मात्र डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, तर लगेच केंद्र गाठा. उपचार चालू असताना दारू पूर्ण बंद. आणि बायांनी हे ध्यानात ठेवावे: टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे यकृत गर्भनिरोधक गोळ्या लवकर संपवते. त्या काळात माला-एनसारख्या गोळीवर विसंबून राहू नका; सिस्टरला दुसरा उपाय विचारा.

पाचवा प्रश्न: कुठल्या वाटेने द्यायचे?

गोळी गिळायची, जिभेखाली ठेवायची, चघळायची, की नाकातोंडाने ओढायची? छातीत दुखू लागल्यावर डॉक्टरांनी सांगून ठेवलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायची असते. तिथून ती थेट रक्तात जाते आणि काही मिनिटांत काम करते. ती घेताना माणसाने बसावे, कारण बीपी उतरून चक्कर येऊ शकते. उलट काही गोळ्या पोटात सावकाश विरघळाव्यात म्हणून खास बनवलेल्या असतात. त्या कुटून किंवा तोडून दिल्या तर दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते. म्हाताऱ्यांना गोळी गिळवत नसेल, तर कुटण्याआधी विचारा.

कानाचे थेंब डोळ्यात घालू नका. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. बाळाला आडवे पाडून, नाक दाबून औषध ओतू नका. ते श्वासनळीत जाऊ शकते. मांडीवर अर्धवट बसवून, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून, थोडे थोडे द्या. बेशुद्ध माणसाच्या किंवा झटके येणाऱ्याच्या तोंडात काहीच घालू नका, पाणीसुद्धा नाही.

“सुई मारली की लवकर बरे वाटते,” ही समजूत आपल्यात खोल रुजली आहे. गोळी जिथे पुरते तिथे सुईची गरज नसते. इंजेक्शनचे औषध थेट रक्तात किंवा स्नायूत जाते. चुकले तर परत काढता येत नाही. सुई वापरलेली असेल तर काविळीचा आणि एचआयव्हीचा धोका. डॉक्टर गोळी देत असतील तर सुईसाठी आग्रह धरू नका, आणि सुई घ्यायचीच असेल तर नवे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.

तीनदा वाचा, एकदा लिहा

आम्हाला शिकवतात की बाटलीवरचे लेबल तीनदा वाचायचे: कपाटातून काढताना, औषध मोजताना, बाटली परत ठेवताना. घरात हे करायला अर्धे मिनिट लागते. दिवा लावून वाचा. अंधारात, अंदाजाने बाटली उचलू नका.

आणि दिल्यावर लिहा. देण्याआधी लिहू नका, कारण देणे राहून जाते. शाळेच्या जुन्या वहीचे एक पान पुरे: तारीख, वेळ, कोणाला, कोणते औषध, किती, कोणी दिले. आई कामावर जाताना आजीला सांगते, आजी ताईला सांगते, आणि सांगण्यात एक मात्रा दोनदा होते किंवा राहून जाते. वही सगळ्यांना एकच सांगते. दवाखान्यात जाताना ती वही आणि सगळी पाकिटे एका पिशवीत घालून न्या. डॉक्टर “काय चालू आहे?” विचारतात तेव्हा “एक पांढरी गोळी, एक गुलाबी” असे सांगण्याची वेळ येऊ नये.

पत्र्याच्या घरात औषध कसे ठेवायचे?

उन्हाळ्यात पत्र्याखालची फळी तापते. औषधे वरच्या फळीवर किंवा चुलीजवळ ठेवू नका. न्हाणीतही नको, तिथे ओल असते. खालच्या, सावलीच्या जागी, पण मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपाच्या डब्यात ठेवा. गोळीला मुलांपुढे ‘चॉकलेट’ म्हणू नका. फिनेल किंवा रॉकेल औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरू नका.

न उघडलेले इन्सुलिन फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवायचे, बर्फाच्या खणात नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पाणी शिंपडून ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवा. वापरात घेतलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. पाणी घालून तयार केलेले मुलांचे अँटिबायोटिक लेबलवर लिहिलेल्या दिवसांतच वापरा. उरलेले टाकून द्या. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात विरघळवा आणि चोवीस तासांनी उरलेले ओतून द्या.

कधी धावायचे?

औषध दिल्यावर चेहरा किंवा ओठ सुजले, श्वास घरघरू लागला, अंगभर गांधी उठल्या, तर थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. शुगरच्या रुग्णाला घाम फुटला, हात कापू लागले, तो भलतेच बोलू लागला आणि शुद्धीवर असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा आणि मग डॉक्टरांकडे न्या.

मात्रा जास्त गेली असे कळले तर मूल हसते-खेळते आहे म्हणून वाट बघू नका. पॅरासिटामॉल जास्त झाले तर पहिल्या दिवशी फारशी लक्षणे दिसतही नाहीत. यकृताचे नुकसान आत चालू असते. त्यावर उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. बाटली बरोबर घ्या आणि किती वाजता, किती दिले, ते खरे सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. त्या आजीने लपवले नाही, म्हणून डॉक्टरांना नेमके काय करायचे ते कळले.

सेवा आणि जाण

विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूची गोष्ट आहे. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडला होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. त्याच प्रसंगी त्यांनी सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले. त्यात मायेने करणे आहे, घाणीची किळस न करणे आहे, धीर देणे आहे. पण औषध नीट तयार करता येणे आणि हिताचे काय, अहिताचे काय हे कळणे, हेही आहे. रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्यात औषध घेणे आणि आपला आजार सेवा करणाऱ्याला जसा आहे तसा सांगणे हे येते. नुसती माया पुरत नाही, जाण हवी, ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे.

आपल्या लोकांना दवाखान्यात विचारायचा संकोच वाटतो. गर्दी असते, वरचा माणूस खेकसतो, आपले कपडे, आपली बोली बघून कोणी तुटक बोलते. तरीही विचारा. औषधाचे नाव काय, किती, केव्हा, किती दिवस, काय झाले तर परत यायचे, एवढे कळल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तो आपला हक्क आहे.

आज आपल्या वस्तीवस्तीत एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग करणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या फीसाठी आयांनी दागिने मोडले आहेत. त्यांचे शिक्षण वॉर्डात वापरले जातेच. ते गल्लीतही वापरले जावे. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, प्रत्येक घराने आपला औषधाचा डबा विहारात आणावा. मुदत संपलेले वेगळे काढावे, ड्रॉप्स आणि सिरपवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे, वहीची पाने आखून द्यावीत. आम्ही आमच्या विहारात हे सुरू केले आहे. पहिल्याच रविवारी त्या आजी सर्वांत आधी येऊन बसल्या होत्या. हातात ड्रॉप्सची बाटली, आणि तिला दोऱ्याने बांधलेला नवा ड्रॉपर.